पाण्याचं आवर्तन आधी कळतं, मग कांद्याचं धोरण का नाही?



आज सकाळपासून वरच्या पट्टीत गरव्या कांद्याची लागण चालू आहे. रोप चांगलं आलंय. मध्ये धुकं पडलं तेव्हा थोडा पीळ दिसला होता, पण वेळेत फवारणी झाली. चौदा बाया आहेत, लागण उक्ती दिलीय, उद्या दुपारपर्यंत एक एकर उरकेल. दुपारी बांधावर जेवायला बसलो तेव्हा त्यांच्यातल्या एका मावशीनं विचारलं, "दादा, खालच्या पट्टीत पण कांदाच का?"

साधा प्रश्न. पण मला उत्तर देता आलं नाही. "बघू" म्हणालो आणि भाकरी मोडली.

खालच्या पट्टीत काय लावायचं हे ठरवताना मी जमीन बघतो, पाणी बघतो, मजूर बघतो, हातातलं भांडवल बघतो. या सगळ्याचा अंदाज मला येतो. चाळीस वर्षं याच रानात काढलीत. अंदाज येत नाही तो एकाच गोष्टीचा. एप्रिलमध्ये हा कांदा निघेल तेव्हा दिल्लीत काय ठरलेलं असेल? आजची नोंद त्याबद्दल आहे. थोडी लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी एक कबुली देतो. "सरकारनं शेतीत ढवळाढवळ करूच नये, बाजार मोकळा सोडा, आमचं आम्ही बघू" असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पारावर बसलं की मीही कधी कधी तसं बोलून जातो. पण येडगावच्या माणसानं हे वाक्य बोलताना जरा मागं वळून धरणाकडं बघावं. कुकडी नदीवरचं हे धरण १९७७ साली झालं. ते कुणा व्यापाऱ्यानं बांधलं नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पातली पाचही धरणं सरकारनं, म्हणजे सगळ्यांच्या पैशानं झाली. त्यासाठी काही जणांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांचं दुःख वेगळं. पण आज जुन्नर-आंबेगावात जे हिरवं दिसतं, आणि कॅनॉलनं पुढं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जे पाणी जातं, तो सरकारचा अर्थव्यवस्थेतला हस्तक्षेपच आहे. आणि तोही केवढा मोठा! माझ्या आज्याच्या वेळी या रानात बाजरी आणि मठ व्हायची. मी आज कांदा लावतोय तो त्या हस्तक्षेपाच्या जिवावर.

म्हणून माझी तक्रार सरकारनं हात घातला याची नाही. कधी घातला, कसा घातला आणि कुणाच्या खिशात घातला, याची आहे.

पाण्याचं उदाहरण घ्या. कॅनॉलच्या पाण्यावरून आपल्याकडं भांडणं होत नाहीत असं कोण म्हणेल? खालच्या तालुक्यांना वाटतं वरचे पाणी अडवतात, आपल्याला वाटतं आपलं धरण रिकामं करून खाली नेतात. तरी त्याची एक पद्धत आहे. कालवा सल्लागार समितीची बैठक होते. धरणांत किती साठा आहे ते समोर ठेवतात. रब्बीला किती आवर्तनं, उन्हाळ्यात किती, साधारण कधी सुटणार, हे ठरतं आणि पेपरात येतं. आपण नमुना नंबर सातचा अर्ज भरतो. आवर्तन चार दिवस मागंपुढं होतं, टेलला पाणी कमी पोचतं, शिव्या पडतात. पण लागणीच्या आधी माझ्याकडं अंदाज असतो. दोन पाणी मिळणार असतील तर हरभरा, चार मिळणार असतील तर कांदा. पाणी कमी आहे असं आधी सांगितलं तर शेतकरी मरत नाही, तो पीक बदलतो. लागण झाल्यावर "या वर्षी पाणी नाही" असं सांगितलं तर मात्र मरतो.

आता हेच कांद्याच्या धोरणाला लावून बघा. मी जुन्या वह्या आणि पेपरची कात्रणं काढून तारखा एका खाली एक लिहिल्या.

१३ सप्टेंबर २०१९ : निर्यातीला टनामागं ८५० डॉलरचा किमान दर.
२९ सप्टेंबर २०१९ : निर्यात पूर्ण बंद. त्याच दिवशी साठ्यावर मर्यादा, किरकोळ व्यापाऱ्याला १०० क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला ५००.
१५ मार्च २०२० : निर्यात खुली.
१४ सप्टेंबर २०२० : पुन्हा बंद.
१ जानेवारी २०२१ : पुन्हा खुली.
१९ ऑगस्ट २०२३ : निर्यातीवर ४० टक्के शुल्क.
२८ ऑक्टोबर २०२३ : टनाला ८०० डॉलरचा किमान दर.
८ डिसेंबर २०२३ : निर्यात बंद, ३१ मार्च २०२४ पर्यंत.
मार्च २०२४ : मुदत संपायच्या आत बंदी पुढं चालू, पुढच्या आदेशापर्यंत.
४ मे २०२४ : बंदी उठली, पण ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून.
१३ सप्टेंबर २०२४ : किमान दर काढला, शुल्क २० टक्के.
१ एप्रिल २०२५ : शुल्क शून्य.

साडेपाच वर्षांत बारा वेळा. यातला एक तरी निर्णय लागणीच्या आधी, "येत्या हंगामाला असं असं राहील" म्हणून जाहीर झाला का? मला तरी सापडला नाही. नवी बंदी किंवा शुल्क घालायचा आदेश तर आज निघाला की उद्यापासून, किंवा त्याच क्षणापासून लागू.

२०२० च्या दोन तारखा तर मुद्दाम शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. त्या वर्षी जीवनावश्यक वस्तू कायदा सैल करायचं विधेयक संसदेत होतं. फळं-भाजीपाल्याचा किरकोळ भाव दुप्पट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालायची नाही, असा लेखी नियम त्यात होता. लोकसभेनं ते मंजूर केलं १५ सप्टेंबरला. निर्यातबंदी आली १४ सप्टेंबरला. म्हणजे शेतकऱ्याला मोकळीक देणारं विधेयक लोकसभेत मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी बाहेरचं दार लावून घेतलं होतं. पुढं २०२१ च्या अखेरीला बाकीच्या कृषी कायद्यांबरोबर तोही मागं घेतला. त्या कायद्यांबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, "भाव इतका चढला तरच आम्ही हात घालू" असा आकडा निदान कागदावर आला होता. तोही गेला.

आता माझ्या रानातलं सांगतो. डिसेंबर २०२३ चा पहिला आठवडा. याच वरच्या पट्टीत लागण चालू होती. एक एकर झाली होती, दुसऱ्या एकराचं रोप वाफ्यात तयार होतं. रात्री मोबाईलवर मेसेज आला, निर्यात बंद. बाजारात भाव काही दिवसांत निम्म्याच्या आसपास आले. रोप उपटून टाकायचं का? बी, वाफे, खतं, फवारणी यावर पैसे गेलेले. मी दुसराही एकर लावला. दुसरं करणार काय होतो?

वहीतला हिशोब असा. एकरी खर्च ८० हजार, यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. त्या वर्षी उतारा कमी बसला, एकरी दीडशे पिशव्या. म्हणजे १० किलोला जवळपास १०७ रुपये शेतातच लागले. पिशवी, गाडीभाडं, हमाली धरून १२२. एप्रिलमध्ये गोळा कांदा १२५ नं गेला. गोल्टी आणि बदला त्याच्या खाली. म्हणजे पाच महिने राबून हात धुवून घरी.

तरी मी दोन हिस्से माल एप्रिलमध्येच विकला, कारण देणी थांबत नाहीत आणि माझी बराख लहान आहे. उरलेला एक हिस्सा बराखीत ठेवला. त्यातला काही सडला, काहीला मोड आले, पण जो राहिला तो सप्टेंबरात ३८० नं गेला. बायको म्हणाली, "सगळाच ठेवला असता तर?" बरोबर आहे तिचं. पण सगळा ठेवायला मोठी बराख लागते आणि सहा महिने खायला दुसरा पैसा लागतो.

हा मुद्दा शहरातल्या लोकांना सांगावासा वाटतो. डिसेंबर ते मे बंदी म्हणजे नेमका लहान शेतकऱ्याचा विकायचा काळ. ज्याला थांबता येत नाही त्याचा माल बंदीत गेला. ज्याला थांबता आलं, शेतकरी असो की साठवणारा व्यापारी, त्याला नंतरचा भाव मिळाला. साठेबाजाला लगाम घालायचा म्हणून जो निर्णय होतो, त्यात पहिला कापला जातो तो साठवू न शकणारा.

त्या बंदीच्या काळात आणखी एक गोष्ट झाली. काही देशांना ठरावीक टन कांदा पाठवायला परवानगी मिळत होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये गुजरातचा पांढरा कांदा २,००० टन बाहेर पाठवायला मुभा दिली, तेव्हा आपल्याकडं केवढा संताप झाला ते आठवत असेल. आणि ४ मेला बंदी उठली तेव्हा आपल्या शिरूर मतदारसंघाचं मतदान ९ दिवसांवर, १३ मेला होतं. मी यावर काही बोलत नाही. फक्त इतकंच, की नियम आधी लिहिलेला नसला की प्रत्येक तारखेकडं माणूस संशयानं बघतो. नियम असता तर संशयाला जागा राहिली नसती.

आता दुसरी बाजू, भाव पडतो तेव्हाची. फेब्रुवारी २०२३ आठवा. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. देशभर बातमी झाली. मग राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. दिलं हे चांगलंच केलं. पण अट बघा. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेला माल पाहिजे आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे. आपला गरवा कांदा तर मार्चअखेर-एप्रिलला निघतो! तो या चौकटीच्या बाहेरच. माझा थोडा रांगडा होता तो बसत होता, पण पीक पाहणीच्या वेळी रेंज नव्हती, नोंद राहून गेली. मग या टेबलावरून त्या टेबलावर. चूक माझीही होती, नाही म्हणत नाही. पण गंमत अशी, की भाव चढला तर सरकारचा हात एका रात्रीत पोचतो, आणि भाव पडला तर तोच हात अर्ज, पडताळणी, यादी, हप्ता करत महिन्यांनी पोचतो.

इथं माझ्या बहिणीचं बोललंच पाहिजे, नाहीतर हा एकतर्फी रडगाणं होईल. धाकटी बहीण हडपसरला असते. दाजी कंपनीत कंत्राटी कामाला, दोन पोरं, भाड्याची खोली. कांदा ८० रुपये किलो झाला होता तेव्हा तिचा फोन आला. "दादा, तुमचे बरे दिवस आले, पण आम्ही भाजीत घालायचं काय?" मी म्हटलं, एक पिशवी पाठवतो. ती म्हणाली, "मला पाठवशील रे, शेजारणीला कोण पाठवणार?"

याला माझ्याकडं उत्तर नाही असं नाही, पण उत्तर देताना तिच्या शेजारणीचा विचार करावाच लागतो. गरिबाच्या ताटातला कांदा महाग झाला तर सरकारनं गप्प बसावं असं मी म्हणू शकत नाही. प्रश्न आहे तो पैसे कुणी भरायचे याचा. आणि याचं उत्तर आपल्याच नारायणगावच्या बाजारानं २०२३ साली दाखवलं होतं.

त्या जुलैमध्ये टोमॅटो कुठल्या कुठं गेला होता. केंद्रानं एनसीसीएफ आणि नाफेडमार्फत टोमॅटो बाजारभावानं विकत घेतला आणि दिल्लीच्या भागात १४ जुलैपासून ९० रुपये किलोनं विकायला सुरुवात केली. मग ८०, मग ७०, ऑगस्टमध्ये ५० आणि ४०. तेव्हा दिल्लीकडं जो माल जात होता त्यात आपल्या नारायणगावचाही होता. खरेदी चढ्या भावानं आणि विक्री उतरत्या भावानं, मधला फरक सरकारी तिजोरीनं सोसला. शेतकऱ्याला भाव मिळाला, दिल्लीच्या बाईला थोडा स्वस्त मिळाला. यालाही हस्तक्षेपच म्हणतात. पुढं आवक वाढली आणि टोमॅटो पडला, तो भाग वेगळा.

त्याच वर्षी, महिनाभरानं, १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के शुल्क आलं. इथं शहरातल्या बाईला स्वस्त देण्याचा खर्च तिजोरीनं सोसला नाही, तो माझ्या पिशवीतून कापून घेतला. बाहेरचा व्यापारी शुल्क भरतो आणि तेवढा भाव मला कमी देतो. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मग २,४१० रुपये क्विंटलनं आणखी २ लाख टन खरेदीची घोषणा झाली. म्हणजे आधी भाव पाडायचा आणि मग पाडलेल्या भावाला आधार द्यायचा. त्यापेक्षा टोमॅटोसारखं सरळ विकत घेऊन सरळ विकलं असतं तर?

एकाच वर्षी, एकाच सरकारनं, दोन पिकांना दोन पद्धती लावल्या. म्हणून म्हणतो, हस्तक्षेप पाहिजे की नको हा वादच चुकीचा आहे. कोणता हस्तक्षेप, त्यावर बोला.

कुणी म्हणेल, सरकार कांद्याचा राखीव साठा करतंच की. करतं. २०२३ साली ३ लाख टनांचं उद्दिष्ट ५ लाख टन केलं. देशाचं वर्षाचं पीक अडीच-तीन कोटी टनांच्या घरात. म्हणजे साठा शंभरातला दोन. त्यानं भाव उचलला जात नाही, पण "सरकार माल बाहेर काढणार" एवढी बातमी आली की खळ्यावरचा व्यापारी दुसऱ्या दिवशी बोली उतरवतो. साठा असावा. पण कोणत्या भावाला घेणार आणि कोणत्या भावाच्या वर गेल्यावरच बाहेर काढणार, हे एप्रिलमध्ये खरेदीच्या आधी छापून टाकावं. मग अफवेवर बाजार हलणार नाही.

उसाचं बघा. उसावर सरकारचा केवढा ताबा आहे. एफआरपी केंद्र ठरवतं, साखर किती बाहेर जाईल ते केंद्र ठरवतं, चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. पाळला जातो किती तो भाग सोडा. तरी आपला माणूस ऊस का लावतो? कारण गाळप सुरू व्हायच्या आधी आकडा माहीत असतो. २०२४-२५ ला क्विंटलला ३४०, २०२५-२६ ला ३५५, उतारा सव्वादहा टक्के धरून. खर्च वजा जाता हातात कमी येतं, पण रात्री झोप लागते. कांद्यानं दोनदा फटका खाल्लेला शेजारी मुकाट्यानं ऊस लावून मोकळा होतो. मग उसाला पाणी जास्त लागतं म्हणून आवर्तनावर भांडण, आणि उसात बिबट्या. आपल्या भागात बाया खुरपायला सुद्धा एकट्या उतरत नाहीत, रात्रीचं पाणी धरायला दोघं जावं लागतं. दिल्लीत कांद्याबद्दल घेतलेला निर्णय येडगावच्या रानात बिबट्याला आसरा देतो, असं कुणाला सांगितलं तर हसेल. पण आपल्याला हसू येत नाही.

आता यंदाचं. यंदा बंदी नाही, शुल्क नाही, किमान दर नाही. तरी कांद्याला भाव नाही. काही मित्र म्हणतात, बघा, दार उघडलं तरी काय झालं? म्हणजे दोष बंदीचा नव्हताच. मला वाटतं नेमकं उलट आहे. पीक जास्त आलं हे खरं. पण बंद दुकानासमोर गिऱ्हाईक किती वेळा उभं राहील? २०१९ ला निर्यात बंद झाली तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्यांनी भर सभेत हसत हसत सांगितलं, की तुम्ही अचानक कांदा बंद केलात, मी आमच्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय करायला सांगितलंय. पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं होईल. सगळे हसले. पण वर्षभरात पुन्हा तसंच अचानक बंद केलं. मग बांगलादेशनं स्वतःचा कांदा वाढवायला घेतला, आखातात पाकिस्तानचा माल बसला, इतरत्र चीनचा. गिऱ्हाईक तुटायला एक रात्र पुरते, जोडायला वर्षं जातात. पाव किलो कांदा विकणाऱ्या नारायणगावच्या भाजीवालीलाही हे कळतं.

आणि गंमत बघा. दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानांनी जे मागितलं, तेच मी मागतोय. आधी सांगा.

याच पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणला, १९८० च्या आसपास कांद्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली. तेव्हापासून आपण घामाचा दाम मागतोय. मला वाटतं दामाच्या आधी एक पायरी मागावी, ती म्हणजे तारीख. माझ्या तीन मागण्या आहेत, तिन्ही कॅनॉलवरून शिकलेल्या.

एक. गरव्याचं रोप टाकायच्या आत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, पुढच्या हंगामाचं निर्यात धोरण जाहीर करा. भाव अमुक एवढा चढला तर अमुक एवढं शुल्क, त्याच्या वर गेला तर आणखी अमुक. आकडे लिहून. मला आवडणार नाहीत कदाचित, पण माहीत तरी असतील. पूर्ण बंदी तर शेवटचाच उपाय, आणि तीही निदान महिनाभर आधी सांगून.

दोन. वरची रेघ ओढाल तशी खालचीही ओढा. भाव या रेघेखाली गेला तर त्याच आठवड्यात खरेदी सुरू, अर्जाची वाट न बघता. वर गेल्यावर शेतकऱ्यानं सोसायचं आणि खाली गेल्यावरही शेतकऱ्यानंच, असं चालणार नाही.

तीन. शहरातल्या गरिबाला स्वस्त द्यायचं असेल तर जरूर द्या, टोमॅटोसारखं विकत घेऊन द्या. बिल तिजोरीच्या नावानं फाडा. माझ्या बहिणीला स्वस्त कांदा मिळाला तर मला आनंदच आहे. पण तो सगळ्या देशानं मिळून द्यावा, एकट्या तिच्या भावानं नाही.

"पाऊसपाणी सांगता येत नाही, मग धोरण आधी कसं ठरवणार?" असं विचारतील. मग धरणाचं कसं ठरवता? पाऊस तिथंही कुणाच्या हातात नाही. तरी साठा मोजून, बैठक घेऊन आवर्तन ठरतंच. चुकतं, भांडण होतं, पुढच्या बैठकीत दुरुस्त होतं. पन्नास वर्षं पाण्याचं जमलं, तर कांद्याचं का जमू नये?

असो. सूर्य कलला, बाया घरी निघाल्यात. मावशीला जाता जाता सांगितलं, खालच्या पट्टीत अर्धा एकरच कांदा, बाकी हरभरा. ती म्हणाली, "मग रोप उरंल की." उरेल. ज्याला पाहिजे असेल त्यानं वरच्या वस्तीवर येऊन घेऊन जावं, पैसे नकोत. पीळ नाही, खात्रीचं रोप आहे, दोन दिवसांत लागलं पाहिजे.

तुमच्याकडं यंदा कांदा किती लावताय, कमी की जास्त, आणि का, ते कळवा. पुढच्या नोंदीत त्याचा हिशोब मांडू.

राम राम.